बाई, मी स्क्रीनसमोरून उठले

बाई, ग्लास फुटला तेव्हा मला आधी वाटलं ओवीनंच पाडला. मी तिच्यावर डोळे वटारले तर ती माझ्या मांडीवर अगदी शहाण्यासारखी बसलेली, दोन्ही हात टेबलावर. समोर तुमच्या लॅपटॉपवर नितीन. माझा नवरा. वर्ष होत आलं होतं त्याचं तोंड बघून, आणि तो तिकडे अमेरिकेच्या तुरुंगात पिवळट भिंतीपुढे बसून पहिलंच वाक्य बोलला होता, "ओवी, केस किती वाढले गं तुझे," आणि मी सांगणार की कापूच देत नाही ती, तेवढ्यात ग्लास. मी लॅपटॉपच्या पलीकडे बघितलं. तुम्ही वेताच्या खुर्चीत वाकड्या झाला होतात, कपाळावर नुसता घाम, एक हात मूठ करून छातीशी, आणि दुसऱ्या हातानं मला खुणावत होतात, तिकडे बघ, तिकडे, स्क्रीनकडे. मी म्हणलं, "बाई, काय होतंय?" तर तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. वाचनालयात ठेवायचात तसंच. आणि तिकडून नितीन, "रेश्मा? कुठं बघतीयेस? काय झालं?"

नियम मला पाठ होता, तुम्हीच पाठ करून घेतला होता. भेट चालू असताना मोठ्या माणसानं स्क्रीनसमोरून उठायचं नाही. उठलं की भेट बंद, आणि पुढच्या भेटीही बंद होऊ शकतात.

मी ओवीला कमरेवर घेतलं आणि उठले.

वाचनालयातल्या मॅडम म्हणाल्या, वार्षिक अंकात बाईंवर लिहायचंय, तुम्ही लिहा. मी म्हणलं, अहो मी नववी नापास, मी साड्यांना फॉल-पिको करते, मी कसलं लिहिणार. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. म्हणून लिहितेय. तुमचा जन्म कुठला, कॉलेजच्या लायब्ररीत किती वर्षं होतात, ते बाकीचे लिहितील, त्यांना माहितीये. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपलं बोलणं अर्धं राहिलंय. आणि तुम्ही अर्धवट काही चालवून घेत नव्हतात.

मी पहिल्यांदा खडकीच्या त्या वाचनालयाची पायरी चढले ना बाई, तेव्हा मला वाटलं होतं कुणीतरी हाकलणार. नितीन क्रूझच्या बोटीवर स्वयंपाकी होता. एजंट म्हणाला, अमेरिकेत एका बंदराला बोट लागली, तिथं मारामारी झाली, पोलिसांनी नेला, आम्हाला पुढचं माहीत नाही. मग एजंटाचा फोनच बंद. सासूबाई म्हणायला लागल्या, कसली मारामारी, कुणाच्या तरी मागं गेला असेल. झेरॉक्सवाला म्हणाला, वाचनालयात एक रिटायर बाई येऊन बसतात, त्या काहीही शोधून देतात. मला वाटलं, ज्योतिष बघतात.

तुम्ही मागच्या टेबलाशी बसल्या होतात, घरून आणलेल्या उशीवर.

"काय हवंय?"

"अमेरिकेतल्या जेलचा पत्ता."

"कुठल्या?"

"अमेरिकेतल्या."

तुम्ही चष्मा काढलात. "उद्या कुणी येऊन म्हणेल, भारतातल्या दुकानाचा पत्ता द्या. देऊ?"

मी तिथंच रडायला लागले. तुम्ही पाणी विचारलं नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाहीत. खुर्ची पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "बस. रडून झालं की सांग. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता. पण नितीनला नेल्यापासून मला कुणी बस म्हणून खुर्चीच दिली नव्हती.

अमेरिका म्हणजे एक घर नाही, हे तुम्ही मला त्या दिवशी समजावलंत. म्हणालात, मोठी चाळ आहे असं समज, प्रत्येक खोलीला आपलं कुलूप, आणि मालकाकडेसुद्धा सगळ्या किल्ल्या नाहीत. जिल्ह्याचा तुरुंग वेगळा, राज्याचा वेगळा, सगळ्या देशाच्या सरकारचा वेगळा, आणि परदेशी माणसाला परत पाठवायच्या आधी ठेवतात ती कोठडी आणखी वेगळी. प्रत्येकाची कैद्यांची यादी वेगळी. एका यादीला दुसरीचं काही माहीत नसतं. "म्हणून," तुम्ही म्हणालात, "आधी बोट कुठल्या बंदराला लागली ते काढू. माणूस शेवटी कुठं आहे ते मागून कळतं. सुरुवात कुठं झाली ते आधी."

मी विचारलं, किती पैसे. तुम्ही म्हणालात, "तू माझी वाचक आहेस. वाचकाकडून पैसे घेत नाहीत. फक्त ओल्या हातानं पानं उलटायची नाहीत."

मग मी रोज दुपारी यायला लागले, ओवीला घेऊन. ओवी टेबलाखाली चित्रं काढायची आणि तुम्ही मला शिकवायचात. वाचनालयात अमेरिकेच्या तुरुंगांवर दोनच पुस्तकं निघाली, दोन्ही इंग्रजी, कुणीतरी देणगी दिलेली, त्यातलं एक आत राहून आलेल्या माणसानं लिहिलेलं. मी म्हणलं, हेच वाचूया. तुम्ही पहिलं पान उघडून साल बघितलंत. "जुनं आहे. यातून आतल्या माणसाचं मन कळेल, नियम कळणार नाहीत. नियम दर वर्षी बदलतात, मन काही बदलत नाही." मग ते दोन्ही करता करता आपलं चाललं, नियम कॉम्प्युटरवर आणि मन पुस्तकात. तुम्ही एक एक वाक्य मराठीत सांगायचात, आणि मी एक एक शब्द इंग्रजीत ओळखायला लागले.

डेक्कनकडच्या मोठ्या लायब्ररीत नेलंत ते आठवतंय? बसमध्ये ओवीला उलटी झाली, आणि तुम्ही तुमचा खादीचा रुमाल दिलात आणि वर म्हणालात, "परत करू नकोस, दान समज." तिथं तुमच्या ओळखीच्या बाईंनी आपल्याला कॉम्प्युटरपाशी बसवलं. तिकडच्या कैद्यांनी स्वतः काढलेली वर्तमानपत्रं होती त्यात, जुनी जुनी, पानांचे फोटो काढून ठेवलेले, कुणालाही बघता येतील असे. मला वाटलं होतं नुसतं रडगाणं असेल. तर एकात क्रिकेटसारख्या कुठल्या तरी खेळाचा निकाल, एकात विनोद, आणि एकात स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कैद्यानं लिहिलेलं, की एवढ्या मोठ्या भांड्यात बटाटे ढवळताना दंड कसे भरून येतात. तुम्ही ते वाचून दाखवलंत आणि मी किती दिवसांनी हसले. कारण नितीन हेच म्हणायचा, बोटीवरच्या भांड्याबद्दल. हेच.

त्या रात्री मला झोप लागली बाई. मला कळलं की आत भांडी असतात.

तुमचे तीन प्रश्न तर मला आता झोपेतसुद्धा येतात. हे कोण सांगतंय? कधी सांगितलंय? सांगून त्याला काय मिळतंय? कुठलंही पान उघडलं की आधी हे. एका पानावर लिहिलं होतं की तुमच्या माणसाचा फोटो आमच्याकडे आहे, कार्डाचा नंबर टाका. मी पर्स उघडली. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत, खरोखर मारलीत. "सरकारची यादी फुकट असते. जो दारातच पाकीट मागतो तो तुरुंगाचा नाही, चोराचा." घरी जाऊन मी सासूबाईंनाही तेच विचारलं, नितीन कुणाच्या मागं गेला हे कोण सांगतंय, कधी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचनालयात जाऊन फार शहाणी झालीयेस." मी म्हणलं, थोडी झालेय.

बंदर कळलं, जिल्हा कळला, जिल्ह्याच्या तुरुंगाची यादी उघडली, आणि नितीनचं नाव नाही. मी तिथंच खाली फरशीवर बसले. मला वाटलं मेला. मी तसं म्हणलंसुद्धा. तुम्ही काय म्हणालात ते मी आजही कुणाला सांगते. "यादीत नाही म्हणजे तिथं नाही. एवढंच लिहिलंय. बाकीचं तू घातलंस."

शिक्षा झाली की जिल्ह्यातून राज्याच्या तुरुंगात नेतात, हे तुम्ही शोधलंत. राज्याची यादी उघडली. आणि होता. फोटोसकट. केस भादरलेले, गालाची हाडं वर आलेली, पण नितीनच. मी स्क्रीनवर हात ठेवला. "बोटं लावू नकोस, वाचनालयाची मालमत्ता आहे," तुम्ही म्हणालात. आणि मग तुम्ही उठून खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिलात. बाहेर काय होतं तिथं? स्कूटर लावलेल्या होत्या. तुम्ही तोपर्यंत वळला नाहीत जोपर्यंत मी हात काढला नाही.

नंतर आपलं भांडणही झालं, ते पण सांगते, नाहीतर म्हणाल गोड गोड लिहिलंय. कोर्टाचे कागद तुम्ही शोधलेत आणि वाचलेत. मी विचारलं, "बाई, त्यानं काही केलं नसेल ना?" तुम्ही म्हणालात, "त्यानं दुसऱ्या स्वयंपाक्याला मारलं, आणि तो माणूस बरेच दिवस दवाखान्यात होता. हे त्यानं स्वतः कबूल केलंय. का मारलं ते कागदात नाही." मी म्हणलं, तुम्ही नुसतं म्हणा ना की तो तसा नाही. तुम्ही म्हणालात, "मी त्याला कधी भेटले नाही. मला माहीत नसलेलं मी सांगत नाही." मी ओवीला ओढत घरी गेले, आणि बरेच दिवस आले नाही. तुम्ही निरोप पाठवला नाहीत. मी परत आले तेव्हा टेबलाखाली ओवीचे खडू तसेच होते आणि तुम्ही म्हणालात, "उशीर झाला. नियमांची पुस्तिका सापडलीये, बस." या भांडणात कोण बरोबर होतं ते आपण ठरवलंच नाही. मला अजून वाटतं, एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं. आणि मला हेही वाटतं, की त्या दिवशी खोटं बोलला असतात तर नंतरचं तुमचं काहीच मी खरं धरलं नसतं.

त्या पुस्तिकेत फोनचं पान होतं. तुम्ही मराठीत सांगत होतात: कैद्यानं फोन लावला की आधी यंत्राचा आवाज येतो, इंग्रजीत, की हा फोन तुरुंगातून आहे, घ्यायचा असेल तर अमुक बटण दाबा. मी शिवायचं थांबले, हातात तुमच्याच साडीचा फॉल होता. म्हणलं, "बाई, असा फोन मला येतो."

"कधी?"

"किती वेळा आला. मी कापते."

आमच्या गल्लीत सगळ्यांनाच तेव्हा ती भीती होती ना, पोलीस म्हणून फोन करतात, जेलची भीती घालतात आणि बँकेतलं सगळं नेतात. सासूबाईंच्या मैत्रिणीचं गेलंच होतं. सगळ्यांनी घोकून ठेवलं होतं, इंग्रजीत जेल-पोलीस असलं काही आलं की लगेच कापायचं. आणि मी कापत होते. तो तिकडे लायनीत उभा राहून फोन लावत होता आणि मी इकडे शहाणपणा करून कापत होते.

मला वाटलं तुम्ही मूर्ख म्हणाल. तुम्ही पुस्तिका मिटलीत आणि म्हणालात, "म्हणजे तो फोन करतोय. अजून करतोय. चांगली बातमी आहे ही, रडू नकोस." आणि मग म्हणालात, "आणि तू जे केलंस ते बरोबरच केलंस. तुला कोण बोलतंय ते माहीत नव्हतं."

पुढचा फोन मी घेतला. तुम्ही बटणाचा आकडा माझ्या तळहातावर पेनानं लिहून दिला होतात. तो "हॅलो" म्हणाला आणि पुढं कुणालाच बोलता येईना, सगळा वेळ असाच गेला. पण गेला तो आमचा वेळ होता.

मग व्हिडिओच्या भेटीचं. माझा पासपोर्ट नाही म्हणून कुठला कागद चालेल ते तुम्ही शोधलंत, ओवीचा जन्मदाखला इंग्रजी करून घेतलात, आणि तिकडची सकाळ म्हणजे इकडची दिवेलागण म्हणून तुमच्याच घरी विश्रांतवाडीला यायचं ठरलं. एकच गोष्ट तुम्ही रोज बोलायचात. ओवीला खरं सांग. मी तिला सांगितलं होतं, बाबा बोटीवर आहे. तुम्ही म्हणायचात, "ती बघेल ना आता. मागं भिंत दिसेल. काय सांगशील?"

"बोटीची भिंत."

"तिला डोळे आहेत."

"बाई, ती चार वर्षांची आहे."

"म्हणूनच. तिला अजून लाज वाटायला कुणी शिकवलं नाहीये."

मी नाही सांगितलं. त्या दिवशी तुम्ही मंडईतून मुद्दाम अंजिरं आणली होती, ओवीला आवडतात म्हणून, आणि जिने चढून आलात तेव्हाच दम लागला होता तुम्हाला. मी म्हणलं, बसा. तुम्ही म्हणालात, आधी कॅमेरा बघ, उजेड तोंडावर येतोय का.

मग ग्लास.

रिक्षात तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टाकलं होतं, मी दार वाजवून आणलेले शेजारचे दादा पुढं ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे लटकलेले, ओवी माझ्या पायात. सिग्नलला तुम्ही डोळे उघडलेत.

"उठलीस?"

"हो."

"कशाला?"

"बाई, तुम्हाला..."

"मी कुठं पळून चालले होते?"

मी तुमच्या तोंडावर हात ठेवला, म्हणलं बोलू नका. तुम्ही हात बाजूला केलात. "हे काय वाचनालय आहे?" आणि मग थांबत थांबत, "अपील असतं. पुस्तिकेत बघ. शेवटी असतं. असलं कधी पुढे छापत नाहीत."

तेवढ्यात खालून ओवी म्हणाली, "आई, बाबाच्या बोटीला खिडकीच नाहीये."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. भुवया फक्त वर केल्यात, बघ, मी काय म्हणत होते, तशा. तुमचा आणि माझा शेवटचा वाद तो, आणि तो तुम्ही न बोलता जिंकलात.

दवाखान्यात आत सोडेनात. नर्स म्हणाली, तुम्ही पेशंटच्या कोण? मुलगी नाही, सून नाही, कामवालीही नाही. मी म्हणलं, "मी यांची वाचक आहे." तिला वाटलं मी घाबरून काहीतरी बरळतेय. नाशिकहून तुमचे भाचे आले, त्यांनी मला काचेतून बघू दिलं. एका सकाळी त्यांचाच फोन आला. मी मशीनवर बसले होते. मी हातातली साडी पूर्ण केली, धागा तोडला, आणि मग रडले. तुम्ही म्हणाला असतात, बरोबर क्रम.

आता तुमच्या टेबलाशी एक काका पेपर वाचायला बसतात. उशी मॅडमनी कपाटात ठेवलीये. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर बसते. आमच्या पुढच्या भेटीही बंद केल्या त्यांनी, म्हणून मी एकटीनं पुस्तिका उघडली बाई, एकटीनं. आणि पहिल्यापासून नाही वाचली, थेट मागं गेले. होतं. भेट बंद केली असेल तर कुणाला लिहायचं, किती दिवसांत लिहायचं, सगळं होतं, बारीक अक्षरात. कारण द्या असं होतं. मी मराठीत खूप लिहिलं आणि मग इंग्रजीत करताना एवढंच उरलं की पलीकडे बसलेली म्हातारी बाई मरत होती आणि मदत आणायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मॅडमनी तपासून दिलं. पाठवलंय. उत्तर आलं नाही अजून.

ओवीला सांगितलं. वाचनालयाच्याच पायरीवर बसून सांगितलं, बाबानं एका माणसाला मारलं म्हणून त्याला कोंडून ठेवलंय, बोट नाही ती. तिनं खूप वेळ खडू फिरवला पायरीवर. मग विचारलं, "तिथं वाचनालय आहे?" मी म्हणलं, आहे. खरंच आहे ना, तुम्हीच पान दाखवलं होतंत. माहीत नसलेलं मी पण आता सांगत नाही.

पण एक माहीत नसलेलं आहे आणि ते मला खातंय. नितीनला लॅपटॉपच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. तुम्ही दिसत नव्हतात, खुर्ची दिसत नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच, की वर्षानं बायको समोर आली, तिनं त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं, मग दुसरीकडेच बघायला लागली, आणि पोरीला उचलून पळाली. त्या दिवसापासून त्याचा फोन आलेला नाही. इथून त्याला फोन लागत नाही. पत्र टाकलंय, ते कधी पोचेल कुणास ठाऊक. फोन आला नाही म्हणजे आला नाही, एवढंच लिहिलंय, बाकीचं मी घालतेय, हे मला कळतं. रोज स्वतःला सांगते. फोन मात्र मशीनच्या बाजूलाच ठेवते, आणि अनोळखी नंबर आता एकही कापत नाही.

तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल, बसून राहायला हवं होतंस, इतके महिने शोधलं ते कशासाठी. मला माहितीये. म्हणून तुम्हाला विचारतच नाही बाई. हा अंक जे वाचतायत, त्यांतले निम्मे तुमच्या टेबलाशी कधी ना कधी बसलेत, मी त्यांनाच विचारते. समोर नवरा, वर्षानं. पलीकडे बाई, तोंडावर बोट ठेवून गप्प बस म्हणणाऱ्या. मांडीवर पोर, आणि उठायचं नाही हा नियम पाठ.

तुम्ही काय केलं असतं?